पत्र्याआड काय ठेवले आहे, ते आधी सांगा

डोंबिवलीत स्फोट झाला की वस्तीत पहिली बातमी एकच पोचते, "बॉयलर फुटला." २६ मे २०१६ रोजी एमआयडीसी फेज दोनमधल्या प्रोबेस एंटरप्रायझेसमध्ये स्फोट झाला, तेव्हा सुरुवातीला हेच ऐकू येत होते. २३ मे २०२४ रोजी फेज दोनमध्येच अमुदान केमिकल्समध्ये स्फोट होऊन दहाहून जास्त माणसे गेली, तेव्हाही टीव्हीवर आधी बॉयलरच होता. बॉयलर हा शब्द सगळ्यांना कळतो. घरच्या कुकरसारखा, वाफ कोंडली आणि फुटला. नशीब खराब, दुसरे काय, असे म्हणून माणसे काचा झाडायला लागतात.

प्रोबेसच्या स्फोटात बारा माणसे गेली आणि दोनशेच्या आसपास जखमी झाली. अडीच हजारांहून जास्त मालमत्तांच्या नुकसानीचे पंचनामे झाले. शासनाने चौकशी समिती नेमली. तिचा अहवाल लोकांच्या हाती आला तो दोन वर्षांनी, तोही माहितीच्या अधिकारात अर्ज केल्यावर. त्या अहवालात कारण म्हणून नाव आले ते प्रोपार्जिल क्लोराइड या रसायनाचे. हे रसायन किती स्फोटक आहे याची पुरेशी जाण नव्हती आणि ते नीट हाताळले गेले नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. मृतांमध्ये मालकांच्या घरातली माणसेही होती. रसायन मालक आणि मजूर यांच्यात भेद करत नाही.

या पानावर आम्ही एरवी रक्त कमी असणे, टीबी, बाळंतपण, साखर यांवर लिहितो. या वेळी रसायनावर लिहीत आहोत, कारण शेलार नाका, त्रिमूर्तीनगर, पिसवली, वालधुनीचे अशोकनगर, ठाण्याची वागळे इस्टेट आणि कळवा-विटाव्याच्या वस्त्यांत आमच्या घरातला कुणी ना कुणी केमिकल कंपनीत, गोदामात, टँकरवर किंवा भंगारात काम करतो. आम्ही आधी परिचारिका म्हणून वॉर्डात राबलेल्या आणि आता वस्त्यांतून आरोग्याचे काम करणाऱ्या बाया. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे: रसायन कसे, किती आणि कशाच्या शेजारी ठेवले यावर माणसे जगणार की मरणार हे ठरते. म्हणून ते कसे ठेवले आहे हे शेजारच्या वस्तीला आधी, मराठीत आणि लेखी सांगितले पाहिजे. स्फोट झाल्यावर दोन वर्षांनी नाव कळून आमच्या काही कामाचे नाही.

कार्बनचे चार हात

प्रोपार्जिल क्लोराइडसारख्या रसायनांना कार्बनी क्लोरीन संयुगे म्हणतात. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात असते तेवढे आठवले तरी ती समजतात. कार्बनला चार हात असतात, असे समजा. तो त्या हातांनी दुसरा कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन धरतो. क्लोरीनला एकच हात, पण तो जोडीतले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो. कार्बनने क्लोरीनचा हात धरला की पकड तयार होते. ही पकड सगळीकडे सारखी नसते. कुठे इतकी घट्ट की वर्षानुवर्षे सुटत नाही, कुठे इतकी सैल की दुसरा कुणी भेटला की क्लोरीन हात सोडतो. सगळा धोका, आणि कारखान्याला असलेला सगळा उपयोगही, या पकडीत आहे.

घट्ट पकडीचे उदाहरण म्हणजे डीडीटी. मलेरियाच्या फवारणीत आपल्या आईवडिलांनी त्याचा वास घेतला आहे. आपल्या शेजारच्या रायगड जिल्ह्यात रसायनी येथे हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्स या सरकारी कंपनीत तो बनत असे. डीडीटीतले काही क्लोरीन कार्बनच्या सहा जणांच्या कड्याला थेट चिकटलेले असतात. ती पकड पाण्याने, उन्हाने लवकर सुटत नाही. म्हणून डीडीटी फुटत नाही, पण मातीत राहतो, चरबीत साठतो आणि आईच्या दुधापर्यंत पोचतो. त्याचा धोका सावकाश आहे.

सैल पकडीचे उदाहरण म्हणजे प्रोपार्जिल क्लोराइड. यात तीन कार्बन एका रांगेत असतात. पहिल्या दोघांनी एकमेकांना तीन हातांनी धरलेले असते आणि तिसऱ्याकडे क्लोरीन असतो. तीन हातांची ती जोडी म्हणजे ताणून बसवलेली स्प्रिंग. ॲसिटिलीन वायूत हीच जोडी असते, आणि गॅस वेल्डिंग करणाऱ्याला विचारा, तो ॲसिटिलीनच्या सिलेंडरला किती जपतो. इकडे शेजारचा क्लोरीन सैल, म्हणून हे रसायन दुसऱ्या पदार्थाला पटकन चिकटते. औषधे आणि शेतीची रसायने बनवताना कारखान्याला नेमके हेच हवे असते. पण तेच रसायन डोळ्यात, नाकात, फुप्फुसात गेले की तिथल्या पेशींनाही पटकन चिकटते. डोळ्यांतून पाणी, घशाला आग, कातडीला फोड. बेंझिल क्लोराइड आणि अॅलिल क्लोराइड याच जातीतले. जुने कामगार याला "डोळे जाळणारे" म्हणतात, आणि ते बरोबर म्हणतात.

आता साठवणुकीकडे या. प्रोपार्जिल क्लोराइड सुमारे ५७ अंश सेल्सिअसला उकळते. पाणी उकळायला १०० अंश लागतात, हे लक्षात घेऊन तुलना करा. मे महिन्यात डोंबिवलीत पत्र्याच्या शेडखाली उन्हात ठेवलेले पिंप केवढे तापते, हे पत्र्याच्या घरात राहणाऱ्याला शिकवायला नको. उकळण्याच्या कितीतरी आधी त्याची वाफ बाहेर येते आणि ती ज्वालाग्राही असते. ही वाफ हवेपेक्षा अडीचपट जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीवरून सरपटत जाते, गटारात उतरते, कोपऱ्यात साचते. वेल्डिंगची एक ठिणगी, मोटारीच्या बटणाची एक ठिणगी तिला पुरते. शिवाय हे रसायन नुसत्या उष्णतेनेही आतल्या आत विघटन होऊन फुटू शकते. तांब्या-पितळेच्या कॉकला, पाइपाला ते लागू देऊ नये, कारण तांब्याशी मिळून धक्क्याने फुटणारे पदार्थ तयार होण्याचा धोका असतो. याचेच भावंड असलेले प्रोपार्जिल ब्रोमाइड बाजारात टोल्युइनमध्ये पातळ करून विकले जाते, ते याच भीतीने.

म्हणजे असे रसायन थंड जागी, सावलीत, हवा खेळती ठेवून, कमी प्रमाणात, ठिणगीपासून दूर, योग्य धातूच्या भांड्यात आणि नावाचे लेबल लावून ठेवावे लागते. यातली एकही गोष्ट अवघड शास्त्राची नाही. आपल्या घरात रॉकेलचा डबा चुलीपासून लांब ठेवायला आजीने शिकवले, तेवढीच ही शिस्त आहे.

न पेटणारीही निष्पाप नसतात

काही क्लोरीनवाले द्राव सहज पेटत नाहीत. ट्रायक्लोरोइथिलीनने लोखंडी भागांचे ग्रीस काढतात. मिथिलीन क्लोराइडने जुना रंग उतरवतात. परक्लोरोइथिलीन ड्रायक्लीनिंगमध्ये असते. पेटत नाही म्हणून मुकादम सांगतो, "याला काही होत नाही, वापर." वागळे इस्टेटच्या छोट्या गाळ्यांत मुले उघड्या हाताने असल्या द्रावात नट-बोल्ट बुडवून काढतात.

याला पुष्कळ काही होते. या द्रावांची वाफही जड असते. बंद खोलीत, खड्ड्यात, टाकीत ती खाली साचते आणि आत उतरलेल्या माणसाला गुंगी आणते. मिथिलीन क्लोराइडची तर शरीरात गेल्यावर काही भागाचा कार्बन मोनॉक्साइड होतो, म्हणजे बंद खोलीत शेगडी पेटवून झोपल्यावर माणूस ज्याने मरतो, तोच वायू रक्तात तयार होतो. ॲल्युमिनियमच्या भुकटीशी यातल्या काहींची जोरदार प्रतिक्रिया होते. ट्रायक्लोरोइथिलीन आणि कॉस्टिक सोडा एकत्र आले तर डायक्लोरोॲसिटिलीन हा विषारी आणि स्फोटक पदार्थ होतो. हे वैद्यकशास्त्राला अनुभवाने कळले आहे. एकेकाळी ट्रायक्लोरोइथिलीन भुलीसाठी आणि बाळंतपणाच्या कळा कमी करण्यासाठी वापरत. भुलीच्या यंत्रात श्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषायला सोडा लाइम असायचा. दोन्ही एकत्र आल्यावर हाच पदार्थ झाला आणि रुग्णांच्या चेहऱ्याच्या नसा बधिर झाल्या. मग त्या यंत्रात ते वापरायचे नाही असा नियम झाला.

क्लोरोफॉर्मचे उदाहरण तर प्रत्येक नर्सला ऐकून माहीत असते. १८४७ पासून तो भुलीसाठी वापरला गेला. पुढे हृदय आणि यकृत यांवरच्या परिणामांमुळे तो मागे पडला. प्रयोगशाळेत तो आजही तपकिरी बाटलीत ठेवतात आणि त्यात थोडे अल्कोहोल घालतात. कारण उजेड आणि हवा लागली की क्लोरोफॉर्ममधून फॉसजीन तयार होतो. पहिल्या महायुद्धात सैनिकांवर सोडलेला तोच विषारी वायू. एक बाटली तपकिरी काचेची की साध्या काचेची, एवढ्या फरकाने औषधाचे विष होते. साठवणुकीला आम्ही एवढे महत्त्व का देतो, ते यावरून समजावे.

उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर कुणी उगाच घाबरेल. क्लोरीन जोडलेला प्रत्येक पदार्थ विष नाही. डेटॉलमध्ये क्लोरोझायलेनॉल असते, तोही याच कुळातला. जखम धुण्याचे क्लोरहेक्सिडिन तसेच. पाण्याचे नळ ज्या पीव्हीसीचे असतात, त्यातही कार्बनला क्लोरीन जोडलेला असतो, आणि तो नळ वर्षानुवर्षे गुमान पाणी देतो. पण तोच पीव्हीसी जाळला तर हायड्रोक्लोरिक ॲसिडचा धूर होतो.

वस्तीत आलेले रसायन

कंपनीचे कुंपण म्हणजे रसायनाचे कुंपण नव्हे. ते तीन वाटांनी आपल्या घरात येते.

पहिली वाट निळ्या पिंपाची. पाणी एक दिवसाआड येते, म्हणून दोनशे लिटरचा निळा पिंप प्रत्येक घरी लागतो. नवा महाग, म्हणून भंगारवाल्याकडचा घेतात. त्यात आधी काय होते, कुणाला माहीत नसते. साबण, निरमा, चिंचेचे पाणी लावून घासला, वास गेला, की त्यात पाणी भरतात. आमची कळकळीची विनंती आहे की हे बंद करा. क्लोरीनवाले द्राव प्लास्टिकच्या अंगात मुरतात. घासल्याने वरचा थर जातो, आत मुरलेले हळूहळू पाण्यात उतरत राहते. वास न येणे ही सुरक्षेची खूण नाही, नाकाला सवय झाली की वास कळत नाही. असा पिंप घरात असेल तर त्यातले पाणी पिण्याला, स्वयंपाकाला, बाळाच्या आंघोळीला वापरू नका. त्यात फारतर झाडूचे, लाद्यांचे सामान ठेवा.

रसायनाने बरबटलेले रिकामे पिंप २०१६ च्या घातक कचरा नियमांत घातक कचरा म्हणूनच मोजले आहेत. ते परवाना असलेल्या माणसालाच द्यायचे असतात. कंपनी ते उघड्या भंगारात सोडते तेव्हा ती कायदा मोडते, आणि घेणारी बाई मात्र आपल्याला स्वस्तात पिंप मिळाला म्हणून खूश असते.

दुसरी वाट भंगाराची. लोखंडी पिंप कापायला पोरगा गॅस कटर लावतो. पिंप रिकामा आहे असे त्याला वाटते. द्राव संपलेला असतो, वाफ आत असते, आणि वाफ व हवा यांचे मिश्रणच फुटते. त्यामुळे काही वेळा भरलेल्या पिंपापेक्षा रिकामा पिंप जास्त धोक्याचा. न धुतलेल्या, लेबल फाटलेल्या पिंपाला आग लावू नका. मालक म्हणाला तरी लावू नका.

तिसरी वाट धुराची. तांबे मिळावे म्हणून मुले वायरी जाळतात. वायरीवरचे प्लास्टिक पीव्हीसी असते. ते जळताना ॲसिडचा धूर तर होतोच, पण तांब्याच्या सान्निध्यात डायॉक्सिन नावाची विषेही जास्त तयार होतात. कल्याणच्या आधारवाडी डम्पिंगला लागणाऱ्या आगींचा धूर वर्षानुवर्षे ज्यांनी झेलला, त्यांना कचरा जळण्याचा अर्थ सांगायला नको. वायर सोलून तांबे काढा. वेळ लागतो, पण मुलाचा दमा वाचतो.

आणि कपडे. केमिकल कंपनीतून आलेल्या माणसाचे कपडे वेगळ्या बादलीत टाका, बाळाच्या दुपट्यांबरोबर धुऊ नका. कंपनीत कपडे बदलायला आणि अंग धुवायला जागा देणे हे मालकाचे काम आहे, ते मागा.

हलवा म्हणणे सोपे

प्रत्येक स्फोटानंतर एक मागणी होते की हे कारखाने इथून हलवा. पुढाऱ्यांनाही ती आवडते. धोकादायक कारखाने पाताळगंगेकडे नेऊ, अशा घोषणाही झाल्या. शेजारच्या सोसायट्यांतल्या लोकांची भीती आम्हाला समजते. त्यांच्याही काचा फुटल्या, त्यांच्याही मुलांना धूर लागला. पण या मागणीवर आम्ही सही करायला थबकतो, आणि त्याची कारणे सांगितली पाहिजेत.

एक, पाताळगंगेलाही माणसे राहतात. खालापूर-रसायनी पट्ट्यात कातकरी वाड्या आहेत. पत्र्याखालचे तापलेले पिंप इथून उचलून तिथल्या वाडीशेजारी ठेवले तर कार्बन आणि क्लोरीन यांची पकड बदलत नाही. फक्त मरणाऱ्यांची जात आणि पत्ता बदलतो.

दोन, कारखाना गेला की सोसायटीतल्या नोकरदाराला फरक पडत नाही, आमच्या घरातला कंत्राटी कामगार मात्र घरी बसतो. आणि उद्या त्याच गाळ्यात कुलूप लावून कुणी नुसताच माल साठवला, तर बाहेरून काही कळणार नाही. भिवंडीच्या गोदामपट्ट्यात रसायनांचे साठे कसे राहतात, ते तिथल्या आगींनी वेळोवेळी दाखवले आहे.

तीन, हलवण्याच्या घोषणेत आजची शिस्त हरवते. उद्या जाणारच आहोत, म्हणून आज शेड कशाला बांधा, पंखे कशाला लावा. २०१६ ते २०२४ ही आठ वर्षे घोषणांत गेली.

ज्या कारखान्याला दाट वस्तीत हे साठवणे कोणत्याही शिस्तीने शक्य नाही, तो हलवलाच पाहिजे. त्याला आमचा विरोध नाही. पण तो कुठला, हे ठरवायला आधी साठ्याची यादी लागते, आणि ती यादीच लोकांपुढे नाही.

कंपन्या म्हणतात, यादी जाहीर केली तर धंद्याचे गुपित फुटेल. गुपित माल कसा बनवला यात असते. शेडमध्ये किती पिंप कशाचे आहेत यात गुपित नसते. काही जण म्हणतात, लोकांना सांगितले तर घबराट होईल. आम्ही वॉर्डात शिकलो ते उलटे आहे. ज्या रुग्णाला आजाराचे नाव आणि पुढे काय करायचे ते कळते, तो कमी घाबरतो.

नाव न कळण्याची किंमतही आम्ही वॉर्डात पाहिली आहे. भिजलेल्या कपड्यांत कामगार आणतात. डॉक्टर विचारतात, अंगावर काय पडले? सोबतचा म्हणतो, "पांढरे केमिकल, त्याला आम्ही चार नंबर म्हणतो." ॲसिड आहे की क्षार, द्राव आहे की आणखी काही, कुणाला माहीत नसते. सुपरवायझरचा फोन लागत नाही. ज्या मिनिटांत उपचाराची दिशा ठरायची, ती मिनिटे नाव शोधण्यात जातात.

कायदा आपल्या बाजूचा आहे

भोपाळमध्ये डिसेंबर १९८४ मध्ये वायू सुटला तेव्हा कारखान्याशेजारच्या वस्त्यांना आत काय साठवले आहे हे माहीत नव्हते. त्यातून देशाने काही धडे कायद्यात लिहिले. १९८७ च्या दुरुस्तीने कारखाना कायद्यात कलम ४१-ब आले. घातक प्रक्रिया असलेल्या कारखान्याने धोक्याची माहिती कामगारांना, स्थानिक संस्थेला आणि परिसरातल्या लोकांना दिली पाहिजे, असे ते सांगत होते. नव्या कामगार संहितेतही माहिती उघड करण्याचे हे बंधन ठेवले आहे. १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांनी प्रत्येक रसायनाचे सुरक्षा माहितीपत्रक ठेवायला लावले. कंपनीत त्याला एमएसडीएस म्हणतात. मोठा साठा असेल तर कुंपणाबाहेरच्या लोकांसाठी आपत्तीची योजना करायला आणि त्यांना आधी माहिती द्यायला लावले.

१९९६ च्या रासायनिक अपघात नियमांनी जिल्हा आणि स्थानिक पातळीवर आपत्ती गट नेमले. स्थानिक गटाने दर सहा महिन्यांनी एक पूर्ण सराव घ्यायचा असतो आणि धोक्यातल्या लोकांना शिकवायचे असते. या गटात सामाजिक कार्यकर्त्यांनाही जागा आहे. आमच्या किती वस्त्यांत असा सराव कुणी पाहिला? त्या खुर्चीवर आमच्यापैकी कोण बसते?

कारखान्याचा कायदा हा आपल्याला परका विषय नाही. १९४२ ते १९४६ या काळात मजूर सदस्य म्हणून बाबासाहेबांनी कामाचे तास कमी करण्यासाठी कारखाना कायद्यातील दुरुस्ती मांडली होती. कामगार वेळेवर घरी जावा, एवढ्यासाठी तो कायदा होता. तो घरी जिवंत जावा, एवढे तरी आपण मागावे.

आमच्या मागण्या चार आहेत. प्रत्येक रासायनिक कारखान्याच्या आणि गोदामाच्या गेटवर मराठी फलक हवा: कोणते रसायन, जास्तीत जास्त किती, पेटणारे की विषारी, गळती झाली तर शेजाऱ्यांनी काय करायचे. त्या रसायनांची माहितीपत्रके महापालिकेच्या शास्त्रीनगर आणि रुक्मिणीबाई रुग्णालयांत, ठाण्यात कळव्याच्या रुग्णालयात आणि अग्निशमन केंद्रांत आधीच दिलेली हवीत. सराव कंपनीच्या आवारात फोटो काढून संपू नये, तो वस्तीच्या गल्लीत व्हावा. आणि रिकाम्या पिंपांचा हिशेब, किती आले, किती कुणाला दिले, प्रदूषण नियंत्रण मंडळाने तपासावा.

यासाठी कुणाची वाट बघायची नाही. महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत माहिती अधिकाराचे दोन अर्ज लिहा. एक औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला: आपल्या परिसरातल्या घातक प्रक्रियेच्या कारखान्यांची यादी, कुंपणाबाहेरची आपत्ती योजना आणि शेवटच्या सरावाची तारीख मागा. दुसरा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला: कोणत्या कंपनीला किती घातक कचरा आणि किती पिंपांची परवानगी आहे, ते मागा. अर्जाला दहा रुपये लागतात. दारिद्र्यरेषेखालचे कार्ड असेल तर तेही लागत नाहीत. कंपनीत काम करणाऱ्याच्या नावाने अर्ज करू नका, त्याची नोकरी जाईल. अर्ज मंडळातल्या दुसऱ्या बाईच्या नावाने करा.

तोवर घरात एवढे पाळा

धूर किंवा आग दिसली तर खिडकीत बघायला जाऊ नका. मोठा स्फोट पुष्कळदा आगीनंतर होतो आणि काचा बघणाऱ्याच्याच तोंडावर येतात. मुलांना आतल्या भिंतीकडे न्या.

उग्र वास आला तर दारे-खिडक्या लावा, फटीत ओले फडके कोंबा, नाकावर ओला कपडा धरा. बाहेर पडायचीच वेळ आली तर वाऱ्याच्या आडव्या दिशेने जा. नाल्याकडे, सखल भागात जाऊ नका, जड वाफ तिथेच साचते.

अंगावर रसायन पडले तर कपडे लगेच उतरवा, लाज धरू नका. पंधरा ते वीस मिनिटे वाहत्या पाण्याने धुवा. डोळेही तसेच धुवा. हळद, टूथपेस्ट, तूप काही लावू नका.

कुणी चुकून द्राव प्यायले तर उलटी करवू नका. मीठपाणी, तेल, तूप, दूध देऊ नका. उलटी फुप्फुसात गेली तर जीव जातो, आणि तेला-तुपाने काही द्राव शरीरात जास्त शोषले जातात. १०८ ला फोन करा.

क्लोरीनवाले रसायन जळालेला धूर लागला असेल तर माणूस बरा दिसला तरी दोन दिवस त्याच्यावर लक्ष ठेवा. फॉसजीनसारख्या वायूने फुप्फुसात पाणी होते ते काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी. धाप लागली, खोकला वाढला की लगेच दवाखान्यात. तोवर त्याला जिने चढू देऊ नका, काम करू देऊ नका.

शेवटचे, कामावर जाणाऱ्या प्रत्येकासाठी. उद्या शिफ्ट सुरू होण्याआधी आपण हाताळतो त्या पिंपावरच्या लेबलचा मोबाइलवर फोटो काढा आणि घरी पाठवून ठेवा. फोटो काढू देत नसतील तर नाव कागदावर लिहून आणा आणि मीटरच्या पेटीवर चिकटवा. उद्या आपल्याला कुणी शुद्धीवर नसताना दवाखान्यात नेले, तर बायकोला डॉक्टरांना "चार नंबर" सांगावे लागणार नाही. तिला खरे नाव सांगता येईल.